सासूबाईंच्या पडद्यामागचा संशयित

ज्या नावाने गुन्हेगारी जगताची झोप उडायला हवी होती, पण त्या जगताला अजून सवड मिळालेली नाही, ते नाव माझं आहे. एलादिओ सेवायोस मोरेरा. ग्वायाकील शहरातला सर्वांत तल्लख मेंदू. असं मी म्हणत नाही, मी फक्त तसं कार्डावर छापून घेतलं आहे. नोकरीची सगळी वर्षं मी बसस्थानकावर हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीमागे काढली. लोक छत्र्या, चपला, एकदा तर जिवंत बदक आणून देत, आणि मी एका नजरेत सांगत असे की ही वस्तू हरवलेली आहे. हा अंदाज एकदाही चुकला नाही.

निवृत्तीनंतर मी ही विद्या समाजासाठी खुली केली. भिंग होतंच, एक पेंढ्याची टोपी घेतली. पहिल्याच प्रकरणात शेजाऱ्यांचा पळालेला पोपट शोधायचा होता. माझी उलटतपासणी रंगात आली असताना पोपट आपण होऊन परत आला, आणि माझं बोलणं थोडा वेळ ऐकून पुन्हा उडून गेला. पण शोध लागला होता, हे महत्त्वाचं.

माझी बायको नार्सिसा घराच्या पुढच्या खोलीत खानावळ चालवते. घर त्या खानावळीवर चालतं. माझ्या कामावर काय चालतं, हा प्रश्न तिने अजून विचारलेला नाही, आणि तो विषय निघणार नाही याची मी काळजी घेतो.

डिसेंबरच्या सुरुवातीला तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि पळी पुढे केली. पळीत मेलेलं झुरळ होतं.

"तांदळाच्या डब्यामागे मिळालं," ती हळू आवाजात म्हणाली. "कालही एक होतं. हे बघ एलादिओ, समोर त्या एल्व्हियाबाईने नवी खानावळ काढली आहे. माझ्या एका गिऱ्हाइकाने जरी हे पाहिलं, तरी उद्यापासून सगळे तिच्याकडे जेवतील. तुला काय करायचं ते कर, पण तोंडातून चकार शब्द काढायचा नाही."

मी तिला धीर दिला. गुप्तता हाच माझा धंदा आहे असं सांगितलं, आणि लगेच पायरीवर जाऊन माझा मेहुणा आणि सहायक फाउस्तो याला मोठ्याने हाक मारली, की झुरळांचं प्रकरण हाती आलं आहे, लवकर ये. नार्सिसाने मला कॉलर धरून आत ओढलं.

तिचं म्हणणं होतं की फाउस्तोने सरळ बाजारातून बोरिक पावडर आणावी. मी हसलो. औषध नंतर, आधी आरोपीची ओळख. झुरळ भिंगाखाली धरल्यावर ते अंगठ्याएवढं, काळसर आणि उडणाऱ्या जातीचं दिसलं. म्हणजे वाट मोरीतून, मोरीची वाट गटारातून आणि गटाराची नदीतून. टोळी आंतरराष्ट्रीय होती. मी मोरीचं तोंड सिमेंटने बंद केलं. संध्याकाळी स्वयंपाकघरात घोट्यापर्यंत पाणी साचलं आणि त्यात कांदे तरंगू लागले.

नार्सिसाने साडी खोचावी तसा झगा खोचला, पाणी उपसलं, आणि मग भिंग बाजूला करून मला तेच झुरळ नुसत्या डोळ्यांनी दाखवलं. ते करंगळीच्या नखाएवढं होतं, फिक्या तपकिरी रंगाचं, डोक्यामागे दोन काळ्या रेघा. मोरीतलं मोठं झुरळ वेगळं, ती म्हणाली, ते चुकून घरात येतं आणि निघून जातं. हे बारकं खोक्यांमधून घरात येतं आणि मग इथेच संसार मांडतं. मी ही माहिती माझ्या निष्कर्षात सामावून घेतली.

मग एकामागून एक सिद्धांत तयार झाले. पहिला संशय एल्व्हियाबाईवर होता: ती माशाच्या टोपलीतून झुरळं पाठवते. मी तिच्याकडे वेष पालटून जेवायला गेलो. तिने "काय एलादिओ, आज इकडे कुठे?" असं विचारून तळलेल्या केळ्याचे काप वाढले. काप उत्तम होते, त्यामुळे संशय आणखी बळावला. दुसरा संशय एर्मोखेनेसरावांवर. हे जुने खलाशी रोज आमच्याकडे माशाचा रस्सा ओरपतात आणि जेवताना टोपी काढत नाहीत. मी मागून हळूच टोपी उचलून पाहिली. खाली टक्कल निघालं, आणि मला रस्सा पुन्हा भरून द्यावा लागला.

त्यातच घरातल्या वस्तू नाहीशा व्हायला लागल्या. आधी माझी करडी विजार गेली, मग निळा सदरा, मग चक्क टोपी. डब्यातलं पीठ रोज थोडं कमी होत होतं. फाउस्तोच्या बोटांना काहीतरी पांढरं आणि चिकट लागलेलं असे, आणि मी जवळ गेलो की तो हात खिशात घाली. मी सगळे धागे जुळवले. झुरळांनी पीठ खाऊन ताकद कमावली होती आणि आता ती कपड्यांवर उतरली होती. विजार त्यांनी बहुधा मिळून उचलून नेली असावी. हे मी जेवताना सांगितलं तेव्हा फाउस्तोला ठसका लागला आणि सासूबाई तोंडाला पदर लावावा तसा रुमाल लावून उठून गेल्या.

आता जरा रिवाजाबद्दल. डिसेंबर लागला की आमच्याकडे घरोघरी 'म्हातारा' बनतो. जुन्या कपड्यांत भुसा आणि कागद कोंबायचे, कागदाचं डोकं खळीने चिकटवून रंगवायचं, आणि सरत्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्याला दारासमोर जाळून वर्षाची पीडा घालवायची. म्हाताऱ्याला कुणाचंही तोंड देता येतं: मंत्र्याचं, फुटबॉलपटूचं, घरमालकाचं. यंदा आपण म्हातारा करायचा नाही, असं नार्सिसाने मला सांगितलं होतं, घरात आधीच व्याप पुष्कळ आहे म्हणून. मी मान डोलावली. गुप्तहेराने प्रत्येक गोष्टीवर संशय घेतला तर त्याने जेवायचं कधी?

शेवटी मी शास्त्रीय उपाय योजला. एक झुरळ बाटलीत जिवंत पकडलं आणि नार्सिसाच्या नखांच्या लाल रंगाने त्याची पाठ रंगवली. संध्याकाळी नेहमीप्रमाणे वीज गेली, घर अंधारलं, तेव्हा मी त्याला स्वयंपाकघरात सोडून दिलं आणि मेणबत्ती घेऊन मागे रांगत निघालो. लाल पाठ शेगडीखालून निघाली, भिंतीच्या कडेने गेली, माझ्या मनगटावरून एक फेरी मारून आली, आणि सरळ सासूबाईंच्या खोलीच्या दाराखालून आत शिरली.

सासूबाई उबाल्दिना आमच्याकडेच राहतात. त्यांच्या खोलीत मी कधी पाऊल टाकत नाही. लग्नाच्या दिवशी त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं होतं, ती नजर त्या खोलीत अजून असावी असा माझा कयास आहे. पण त्या दिवशी मी दाराला कान लावला. आत सासूबाई कुणाशी तरी बोलत होत्या. मधेच हसल्या. बिस्किट मोडल्याचा आवाज आला. दुसऱ्या माणसाचा आवाज मात्र अजिबात नव्हता.

मी फाउस्तोला गाठून विचारलं, तर तो घामाघूम झाला आणि म्हणाला की त्या खोलीत काही नाही, पडद्यामागे तर मुळीच काही नाही. पडद्याचं नाव मी काढलंच नव्हतं. नार्सिसाला विचारलं तर ती म्हणाली, आईच्या खोलीत गेलास तर जेवण बंद. सगळं घर सामील होतं. प्रकरण उलगडलं: सासूबाई पडद्यामागे झुरळं पाळत होत्या आणि त्यांना बिस्किटं चारत होत्या. हेतू उघड होता. त्यांना मला घराबाहेर काढायचं होतं.

वर्षाचा शेवटचा दिवस उजाडला. दुपारी खानावळ भरलेली होती. एर्मोखेनेसराव रश्श्यात लिंबू पिळत होते. फाउस्तो काळा झगा, काळी ओढणी आणि स्वतःच्या मिशा अशा थाटात दारात उभा होता, कारण त्या दिवशी आमच्याकडची पुरुष मंडळी म्हाताऱ्याच्या विधवा बनून रस्त्यावर रडतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडून सुटे पैसे उकळतात. आमच्या घरी म्हाताराच नसताना हा कुणासाठी रडणार, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण मी त्या वेळी स्टुलावर चढत होतो.

"मंडळी," मी म्हणालो, "या घरात झुरळं आहेत."

सगळे चमचे थांबले. एल्व्हियाबाईच्या खानावळीतला रेडिओ इथपर्यंत स्पष्ट ऐकू यायला लागला. नार्सिसा भाताची परात घेऊन दारात उभी होती. तिचा चेहरा उतरला. पहाटे उठून कांदा चिरणारी ती, रोज शेवटी जेवणारी ती, आणि तिची खानावळ एका वाक्यात बुडवणारा मी. मला फार वाईट वाटलं. पण स्टुलावर चढलेल्या माणसाला उतरायची घाई असली तरी वाक्य पूर्ण करावं लागतं. सूत्रधार सासूबाईंच्या पडद्यामागे आहे, असं मी पुटपुटलो.

"आता झाकायचं तरी काय राहिलंय?" सासूबाई कोपऱ्यातून उठत म्हणाल्या. "चला सगळे. याला याचा सूत्रधार दाखवते."

गिऱ्हाइकं हातातले चमचे घेऊन मागोमाग खोलीत आली. सासूबाईंनी पडदा सरकवला. खुर्चीत मी बसलो होतो.

करडी विजार, निळा सदरा, पेंढ्याची टोपी, हातात दुधाच्या डब्याच्या झाकणाचं भिंग. नाक थोडं मोठं होतं, पण ते कलेच्या दृष्टीने असावं. मांडीवर बिस्किटांचा चुरा पडलेला होता. यंदाचा आमचा म्हातारा मी होतो. महिनाभर घरच्यांनी माझ्यापासून लपवून तो केला होता, मला थक्क करायला. मी थक्क झालो.

सासूबाईंनी म्हाताऱ्याची टोपी उचलली. माझं डोकं मागच्या बाजूने कुरतडलेलं होतं, आणि त्या भोकातून बारकी तपकिरी झुरळं बाहेर आली. सर्वांत शेवटी लाल पाठीचं आलं.

"खळ," सासूबाई म्हणाल्या. "पिठाची खळ खातायत ती. डोकं मी चिकटवलं, आणि आत कोंबायला फाउस्तोने वाण्याकडची जुनी खोकी आणली. त्यातूनच आली असणार. याच्या डोक्यात एरवी काही नसतं."

मी नार्सिसाकडे पाहायचं टाळत होतो. तेवढ्यात एर्मोखेनेसरावांचा चमचा खाली पडला. त्यांच्याकडेही बारकी झुरळं झाली होती, ते हळूच म्हणाले, आणि त्यांचा म्हातारा पलंगाखाली ठेवलेला होता. प्रत्येक जण आपापल्या घरातल्या म्हाताऱ्याला मनात आठवून पाहत होता. कुणीतरी म्हणालं की एल्व्हियाबाईचा म्हातारा तर तिच्या शेगडीला टेकून उभा आहे, चांगला दारापेक्षा उंच. हे ऐकून सगळे पुन्हा टेबलावर जाऊन बसले, आणि एर्मोखेनेसरावांनी आणखी भात मागितला. नार्सिसाने वाढला. ती आता हसत होती.

म्हातारा जाळायचा तो मध्यरात्री बाराच्या ठोक्याला, असा नेम आहे. नार्सिसा तितकं थांबणार नव्हती. जेवणं आटोपताच फाउस्तोने मला पायांना धरून रस्त्यावर ओढत नेलं आणि पेटवून दिलं. बाह्यांमधून झुरळं बाहेर पडायला लागली तशी सगळी गल्ली चपला घेऊन धावली. फाउस्तो छाती पिटून "माझा नवरा गेला" म्हणून रडत होता, आणि एका हाताने झगा वर धरून झुरळं चिरडत होता.

मी नार्सिसाजवळ जाऊन उभा राहिलो. तोंड कुणाचंही देता आलं असतं, मग माझंच का, असं विचारलं. तिने ज्वाळेकडे पाहत उत्तर दिलं, "जुना जाळला की नवा जरा बरा निघतो म्हणतात. बघू."

सासूबाई मात्र खरंच रडत होत्या. रोज संध्याकाळी त्या म्हाताऱ्यासमोर बसून कॉफी प्यायच्या, बिस्किट खायच्या, त्यालाही एक द्यायच्या. मन लावून ऐकायचा, त्या म्हणाल्या. मधे एकदाही बोलला नाही.

त्याच संध्याकाळी नार्सिसाने फर्मान काढलं. खोकी घरात येणार नाहीत. बोरिक पावडर, साखर आणि आटवलेल्या दुधाच्या गोळ्या फ्रिजमागे आणि शेगडीमागे ठेवायच्या. आणि खाणं फक्त स्वयंपाकघरातल्या टेबलावर, खोल्यांमध्ये बिस्किटाचा कणसुद्धा दिसता कामा नये. सगळं मान्य झालं, शेवटचं सोडून. एकटी टेबलावर बसून मी कॉफी पिणार नाही, सासूबाईंनी सांगून टाकलं. सोबत हवी. ऐकणारी.

नार्सिसाने माझ्याकडे पाहिलं.

नव्या वर्षाच्या पहिल्या संध्याकाळी मी टेबलापाशी सासूबाईंसमोर जाऊन बसलो. त्या बोलायला लागल्या. सासरे नदीवर होडी चालवायचे तेव्हाच्या गोष्टी, नार्सिसा लहानपणी हरवली होती ती गोष्ट. ती कशी सापडली याबद्दल माझा एक सिद्धांत होता. मी तोंड उघडलं, त्यांनी बोट वर केलं, मी तोंड मिटलं. पुढची गोष्ट फार चांगली होती. इतकी वर्षं एका घरात राहून मी ती कधी ऐकली नव्हती, याची मला लाज वाटली.

कॉफी संपल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं.

"तो जास्त देखणा होता," त्या म्हणाल्या.

मला उत्तर सुचलं होतं, आणि चांगलं बिनतोड सुचलं होतं. पण शेगडीपाशी उद्याच्या खानावळीचा कांदा चिरता चिरता नार्सिसा माझ्याकडे बघत होती. मी टेबलावरचा बिस्किटाचा चुरा ओंजळीत गोळा केला आणि गप्प बसलो.