सोमवारी पाडायची भिंत

"ही भिंत पडत नाही. मी आहे ना," असं सगुणाबाईंनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगितलं आणि चकली मोडून तोंडात टाकली. त्या कडाडकन आवाजानं बोलण्याला जरा वजनही आलं.

कानडी मुलखातल्या महादेवपुऱ्यातली ही सोसायटी उभी आहे ती सगुणाबाईंच्या वडिलांच्या टॉकीजच्या जागेवर. बिल्डरनं सगळं पाडलं. पडद्यामागची तेवढी भिंत कंपाउंडला होईल म्हणून ठेवली. आता तिथं गाड्यांचे चार्जिंग पॉइंट हवे होते. सोमवारी सकाळी जेसीबी येणार होता.

"काकू, प्रॅक्टिकल व्हा," सेक्रेटरी नंदकिशोर म्हणाला. तो पुण्याहून आलेला, आयटीतला. "ती नुसती एक वॉल आहे."

"नुसती? रविवारी संध्याकाळी गाडी घेऊन खाली या. गाडीत बसून सिनेमा दाखवते तिच्यावर. मग बघते कोण पाडतो."

बोलून तर बसल्या. मग भाचा यशोवर्धन कामाला लागला. प्रोजेक्टर त्यानं ऑफिसातून आणला, आवाज गाडीच्या रेडिओवर येईल अशी सोय केली. सिनेमा सगुणाबाईंच्या घरचाच होता! वडिलांच्या ट्रंकेत एका जुन्या कन्नड सिनेमाची रिळं होती, ती त्यानं पेनड्राइव्हवर उतरवून आणली. हा सिनेमा नेटवर शोधूनही सापडत नव्हता.

रविवारी अंगणात गाड्या अशा दाटल्या, जसे डब्यात भरलेले लाडू. सगुणाबाई टॉर्च घेऊन डोअरकीपर झाल्या. "इंजिन बंद. धूर नको, गाड्यांत बाळं आहेत."

नंदकिशोर आला तो हरकत घ्यायला. आत जागा नव्हती म्हणून त्यानं गाडी गेटातच आडवी लावली. "दहाच मिनिटं थांबणार आहे, काकू." दहा मिनिटांनी त्याची सीट आडवी झाली होती आणि बायकोच्या हातातला चिवडा त्याच्या मांडीवर आला होता.

सिनेमा रंगला. नायिकेच्या दिरानं दुधात कसलीशी पूड कालवली. नायिकेनं पेला उचलला, ओठांजवळ नेला, आणि कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर धडाम झाला. सगळा भाग काळाठिक्कर.

गाड्यांची दारं उघडायला लागली. लोक आत्ता वर गेले तर उद्या भिंत गेलीच. पण वडिलांच्या टॉकीजमध्ये लाइट गेली म्हणून कुणी उठत नसे. उठला त्याची खुर्ची गेली.

"स्वल्प, जरा थांबा, कुणी उठायचं नाही," सगुणाबाई गरजल्या. "मध्यंतर आहे. हेडलाइट लावा सगळ्यांनी, भिंतीवर मारा."

भिंत लखलखली. पोरांनी तिच्यावर सावल्यांचे ससे-हत्ती नाचवले, बायकांनी डबे उघडले. एकानं इंजिन सुरू करून बघितलं, तर सगुणाबाईंनी बॉनेटवर टॉर्च आपटला. "धूर नको म्हटलं ना?"

लाइट काही येईना. हळूहळू हेडलाइट पिवळे पडले, मग मिणमिणले, मग एकेक करून डोळे मिटले. लोकांनी किल्ल्या फिरवल्या. टिक् टिक्, एवढंच. बॅटऱ्या गार! लोक गाड्या तिथंच टाकून जिन्यानं वर गेले.

सकाळी जेसीबी आला. गेटात नंदकिशोरची गाडी, तिच्यामागं सगळी सोसायटी. खांद्याला लॅपटॉपची बॅग अडकवून नंदकिशोर किल्ली फिरवत होता. टिक् टिक्.

"गाड्या काढा," जेसीबीवाला कल्लाप्पा वरूनच ओरडला. "मला पुढं बोम्मसंद्र्याला जायचंय."

"मेकॅनिक दुपारी येतोय रे."

"मग मी पुढच्या सोमवारी येतो." आणि जेसीबी वळला.

नंदकिशोर सगुणाबाईंकडे फिरला. "काकू, हे सगळं तुमचं प्लॅनिंग होतं."

"गेटात गाडी मी लावली होती?"

इकडंतिकडं बघून नंदकिशोर जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "बरं, ती दूध पिते का हो?"

"काय?"

"ती. नायिका. बायको विचारतेय."

वरच्या बाल्कन्यांतूनही तोच प्रश्न आला. चौथ्या मजल्यावरच्या बाईंना म्हणे झोप लागली नव्हती.

"तोंडी सांगायची गोष्ट आहे का ती?" सगुणाबाई म्हणाल्या. "पडद्यावर बघा, रविवारी. पण भिंतच पाडलीत तर मी दाखवू कशावर?"

नंदकिशोरनं तिथंच उभ्या उभ्या ग्रुपवर मेसेज टाकला: सिनेमा संपेपर्यंत भिंत पाडण्याचं काम स्थगित.

सगुणाबाई निवडणूक जिंकल्यासारख्या घरी आल्या. यशोवर्धन सोफ्यावर चेहरा पाडून बसला होता.

"आत्या, आधी सांगायचा धीर झाला नाही, पण सिनेमा तेवढाच आहे. पुढची रिळं बुरशीनं खाल्लीत. ती पेला उचलते ना, तिथंच संपतं."

सगुणाबाईंनी चहाचा घोट घेतला. विचार केला.

"सरी, ठीक आहे. मग रविवारी परत तिथंच लाइट जाईल. खाली मेन स्विच कुठला, तेवढं मला दाखवून ठेव."