बराबरी नामंजूर

आमच्या गल्लीत माझ्याशिवाय देवराव मास्तरांसोबत कोणी क्रिकेट पाहत नाही. सामना अनिर्णित सुटला की ते माझ्यावर चिडतात. "पाच दिवस खेळले, अन् मातीले पाठ कोनाची लागली?" निवडणूक असो, कोर्टाचा निकाल असो की नळावरचं भांडण, त्यांचा प्रश्न हाच. मिटवामिटवी हा शब्द त्यांना शिवीसारखा लागतो.

मास्तर मूळचे तलमडुगूचे. गणित शिकवून निवृत्त झाले आणि आदिलाबादला माझ्या शेजारी घर बांधून राहिले. पंच्याहत्तरी ओलांडली तरी मान बैलासारखी आणि कान पैलवानाचे, चेचलेले.

मॅटवरच्या कुस्तीचा त्यांना भारी राग. गेल्या वर्षी मी हौसेनं त्यांना एका स्पर्धेला नेलं. शिट्टी वाजली, पंचानं एका पोराचा हात वर केला आणि मास्तर चपलांसकट मॅटवर चढले. पंच बिचारा समजावू लागला, की आजोबा, तो गुणांवर जिंकला.

"गुन द्यायचं काम म्या जलमभर केलं," मास्तर म्हणाले. "गुनावर पोरगं पास होते. चीत नाई होत."

तिघांनी मिळून त्यांना बाहेर काढलं. परतताना गाडीत मला मातीतल्या कुस्तीचा कायदा ऐकावा लागला. तिथे घड्याळ नाही, गुण नाहीत. जोडी काठावर गेली तर पंचानं मधात आणून पुन्हा लावायची. दोन्ही खांदे मातीला टेकले की खेळ संपला. त्याआधी नाही.

या रागाचं मूळ बाजारहत्नूरच्या जत्रेत आहे. ऐन तारुण्यात तिथे मास्तरांची कुस्ती लक्ष्मण नावाच्या पैलवानाशी लागली. दुपारी हात मिळाले, दिवेलागण झाली, कोणी पडेना. शेवटी पंचांनी कुस्ती सोडवली, बराबरी जाहीर केली आणि दोघांना फेटे बांधले. मास्तरांनी फेटा तिथेच काढून पंचाच्या हातात दिला आणि बोडक्या डोक्यानं घरी आले.

पुढे लक्ष्मण कोळशाच्या खाणीत लागला, बेल्लमपल्लीला क्वार्टर मिळालं. पण दरसाल जत्रेला दोघं यायचे, शड्डू ठोकायचे, पंच कुस्ती लावायला नको म्हणायचे आणि मग दोघं एका ताटात जेवायचे. गुडघे गेल्यावर जत्रा सुटली, फोन सुरू झाला. भिंतीपलीकडून मला रोज ऐकू यायचं, "भेकाड हायेस तू. अजूनबी ये, मैदान खालीच पडलं हाय."

मग एके दिवशी लक्ष्मणच्या मुलीचा फोन आला. त्याला लकवा झाला होता, उजवी बाजू गेली होती. डॉक्टर म्हणत होते, व्यायाम केला तर हात परत येईल. पण तो प्रयत्नच करत नव्हता. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा.

मास्तर दारात येऊन म्हणाले, गाडी काढ. बेल्लमपल्लीपर्यंत ते कुस्तीला निघाल्यासारखे बाह्या सारून बसले होते. मला त्यांची खरंच भीती वाटली.

खाटेवर लक्ष्मण उताणा होता. मास्तरांना पाहून त्याला रडूच आलं. जड जिभेनं म्हणाला, "मास्तर, लागली माही पाठ. जितला तू. सांग गावात."

हे ऐकायला हा माणूस उभा जन्म थांबला होता. मास्तर लालबुंद झाले.

"कोनं लावली? म्या लावली काय?"

"पडलो ना मी."

"आपल्या मनानं पडला तर ते चीत नाई. नियम हाय."

मी चाट पडलो. पाय घसरो की घेरी येवो, पाठ लागली की लागली, पंच कारण विचारत नाही, हे मास्तरांनीच आम्हाला दहादा ऐकवलं होतं. नियमात इकडचं तिकडे होऊ न देणारा माणूस माझ्यासमोर धडधडीत खोटं बोलत होता.

लक्ष्मणही जुना पैलवान. त्यानं मान हलवली. "असा नियम नाई."

मुलगी स्वयंपाकघरातून धावत आली. कित्येक दिवसांनी तिचा बाप कोणाशी तरी वाद घालत होता.

"हाय," मास्तर म्हणाले. "नसन वाटत तर उठ, अन् पंचाले इचार." स्टूल ओढून त्यांनी लक्ष्मणचा लुळा हात हातात धरला. "लोट."

"नाई होत."

"काऊन नाई होत? मले तुह्याशिवाय कोन हाय रे? लोट म्हन्तो ना." आवाज भांडणाचा होता, डोळे मात्र वाहत होते.

लक्ष्मणनं ओठ दाबले. मानेची शीर फुगली. बऱ्याच वेळानं त्याची बोटं मास्तरांच्या पंजावर किंचित आवळली आणि मास्तरांचा हात थोडा मागे गेला.

"ढील देऊन राह्यला तू," लक्ष्मण रागानं म्हणाला.

"हो," मास्तर म्हणाले. "उद्या नाई देनार."

मग त्यांनी मुलीला विचारलं, माझं अंथरूण कुठं टाकू. संध्याकाळी मी एकटाच गाडी घेऊन आदिलाबादला परतलो.