साठ जोड

याकोब नाना शास्त्रीय संगीताकडे पाठ करून बसतात. त्यांच्यासमोर चपला असतात.

धुळ्यातल्या आमच्या छोट्या चर्चमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी, महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी चार वाजता मैफल होते. बाकं भिंतीला लावून सतरंज्या अंथरतात, म्हणून चपला बाहेर व्हरांड्यात. तिथे एका स्टुलावर नाना. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण ही बातमी त्यांच्या जिभेपर्यंत अजून पोहोचलेली नाही. श्रोत्यांना ते 'शिटा' म्हणतात. आलाप चालू असला की, "गाडी अजून स्टँडातच शे." तबला सुरू झाला की, "निघाली." द्रुत आली की, "आता पारोळ्याच्या पुढं. मोकळा रस्ता." आणि भैरवी लागली की स्टूल सरकवून उठतात आणि एकेक जोड फिरवून ठेवतात. टाचा चर्चकडे, टोकं फाटकाकडे. "उतरताना शिटांना तरास नको."

अमळनेरच्या एक प्राध्यापिका आमच्याकडे दर वर्षी गातात. एकदा मैफलीनंतर नानांनी त्यांना गाठलं. "ताई, गाडी चाळीस मिनिटं स्टँडातच. दोन शिटा कंटाळून उतरून गेल्या." ताई चपला घालून निघून गेल्या. मी मात्र आठवडाभर फोनवर त्यांची माफी मागत होतो. पुढच्या वर्षी आलाप पंचवीस मिनिटांत आटोपला आणि त्या स्वतः बाहेर येऊन म्हणाल्या, "नाना, आज किती उतरले?"

"एकबी नही. उलट एक चढला."

कापडवाले एक शेठजी गाण्याच्या तंद्रीत दुसऱ्याच कुणाचे बूट घालून निघाले, तेव्हा नाना फाटकात आडवे आले. "शेठ, ही शीट रिझर्व्ह शे." शेठजींनी खाली पाहिलं, बूट काढले आणि मोज्यांवर परत आले.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढे जे झालं त्याला मी जबाबदार आहे.

मी चर्चच्या कमिटीचा सेक्रेटरी. मैफल म्हणजे कलाकारांना फोन, जळगावच्या तबलजीला आयत्या वेळी लागणारं लग्न, सतरंज्या आणणं, झटकणं, परत पोचवणं. सहा वर्षं हे केलं आणि मी थकलो. थकलो, असं कमिटीत सांगायची हिंमत नव्हती. म्हणून मी एक नियम मांडला. शेवटच्या मैफलीला साठ माणसं आली तर पुढचा हंगाम, नाहीतर बंद. आमच्याकडे पन्नासच्या वर माणूस कधी आलेलं नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. कमिटीत मी याला शिस्त म्हणालो. पाळकसाहेबांनी मान डोलावली.

गाणं चालू असताना बोट नाचवत डोकी मोजणं बरं दिसत नाही. तेव्हा मोजणी नानांच्याच पद्धतीने ठरली. द्रुत सुरू झाली की मी बाहेर येऊन चपलांचे जोड मोजायचे.

मी नानांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "साठ म्हणजे उभ्या शिटा धरून."

फेब्रुवारीचा रविवार आला. द्रुत लागली, मी बाहेर आलो. मोजले. साठ. पुन्हा मोजले. साठ. रांगेत काही शाळकरी बूट होते, आणि आत एकही शाळकरी मूल नव्हतं. माझ्या ते लक्षात यायला हवं होतं. पण थकलेला माणूस आकडा बघतो, बूट बघत नाही. मला आनंद व्हायला हवा होता. मला सतरंज्या आठवल्या. मी रजिस्टरात साठ लिहिलं. भैरवीआधी पाळकसाहेबांनी पुढचा हंगाम जाहीर केला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. भैरवी लागली आणि बाहेर नाना जोड फिरवू लागले.

सगळे गेले. सतरंज्यांच्या घड्या करून मी व्हरांड्यात आलो, तर नऊ जोड तसेच. कुणी राहिलंय का म्हणून आत डोकावलो. चर्च रिकामं होतं.

दोन जोड बाईमाणसाचे, त्यातल्या एकाचा पट्टा निळ्या दोऱ्याने शिवलेला. बाकीचे सात एका रांगेत, तळहाताएवढ्या कॅनव्हासच्या बुटापासून मोठ्या स्पोर्ट्स शूजपर्यंत. एकच मुलगा त्या रांगेत वाढत गेला होता.

नानांच्या पत्नी मार्था अक्का जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा कॅनडात. अक्कांच्या मातीला मी नानांचा हात धरून म्हणालो होतो, "येत जाईन, नाना." दोन गल्ल्या पलीकडे राहतो मी. एकदाही गेलो नाही.

"नाना, हे काय?"

"विदाउट तिकीट शिटा," ते म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही. "खरे एक्कावन्न शेतस. तुला जे लिहायचं ते लिही."

"पण कशासाठी? तुम्ही गाणं तर ऐकतही नाही."

नाना पिशवी उघडत होते. "रविवारनी दुपार घरमा लई लांबी व्हस रे भाऊ."

"वर्षातले चारच तर रविवार, नाना."

"चार शेतस ना."

रजिस्टर माझ्या हातातच होतं. मी ते मिटलं.

त्यांना आणि पिशवीला स्कूटरवर घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. उंबऱ्याबाहेर फरशीवर नऊ स्वच्छ चौकोन दिसत होते, भोवती धूळ. नाना खाली बसून एकेक जोड आपापल्या जागी ठेवू लागले. "रोज इथंच ऱ्हातस," म्हणाले. "कुणी आलं तं त्याले वाटाले पाहिजे, घरमा माणसं शेतस."

मी या तीन वर्षांत एकदा जरी आलो असतो, तरी चर्चच्या व्हरांड्यात हे जोड ओळखले असते.

काहीतरी करावं म्हणून मी तो सगळ्यात लहान बुटांचा जोड उचलला आणि चर्चमध्ये पाहिलं होतं तसा ठेवला, टोकं रस्त्याकडे. नानांनी न बोलता तो फिरवला. टोकं घराकडे.

"या उतरनाऱ्या शिटा नहीत," ते म्हणाले. "या आत्ताच घरी आल्या शेतस."

मी माझ्या चपला काढल्या आणि रांगेच्या शेवटी ठेवल्या. टोकं घराकडे.