रांगेतला पहिला माणूस

मुलांनो, डोळे मिटा आणि माझ्याबरोबर इंग्लंडमधल्या पोर्ट्समथच्या जुन्या गोदीत चला. वारा खारट आहे, समुद्रपक्षी लोकांच्या हातातले तळलेले बटाटे पळवताहेत, आणि समोर तीन डोलकाठ्यांचं लाकडी लढाऊ जहाज उभं आहे. विल्फ आजोबांना ते लहानपणापासून बघायचं होतं. दर उन्हाळ्यात काहीतरी आडवं यायचं. कधी पाऊस, कधी गुडघा. आज नात हेस्टर हिला घेऊन ते लेस्टरहून आले आणि रांग दिसताच तिच्या शेवटी उभे राहिले.

"आजोबा, ही रांग कशाची?"

"जहाजाचीच असणार. बघ ना, किती शिस्तीत आहे."

"विचारून येऊ?"

"छे. चारचौघांत असं विचारणं बरं दिसत नाही."

मागे माणसं वाढत गेली, पण रांग काही पुढे सरकेना. जहाज बंद व्हायची वेळ जवळ आली. आजोबांचे खांदे उतरले. "यंदाही राहिलं बघ," ते पुटपुटले. "पुढच्या वर्षी हा गुडघा साथ देईलसं वाटत नाही."

ते ऐकून हेस्टर तडक रांगेच्या पुढच्या टोकाला विचारायला गेली. तिथे रेनकोट घातलेले एक गृहस्थ अवघडून उभे होते.

"मी कुठल्या रांगेत नाही गं," ते हळूच म्हणाले. "बायको दुकानात गेलीय. इथून हलू नकोस म्हणाली. मागे बघतो तर ही गर्दी."

"मग सांगितलं का नाही?"

"कुणी विचारलंच नाही."

जहाजाचं खरं दार पलीकडे होतं. तिथला रखवालदार एकटाच जांभया देत होता. हेस्टरने येऊन हे सांगितलं, तेव्हा रांगेत कुजबुज झाली आणि सगळे त्या दाराकडे निघाले. पण आधीच्याच क्रमाने. जाताना त्यांनी रेनकोटवाल्यांनाही अदबीने सोबत नेलं.

"अहो, मला आत जायचंच नाहीये," ते काकुळतीला आले.

"असं कसं? पहिले तुम्हीच होतात," मागच्या बाई म्हणाल्या. "आधी तुम्ही."

"नाही, तुम्ही जा ना."

"छे छे, ते बरोबर दिसणार नाही."

रखवालदाराने घड्याळ पाहिलं. "येताय का कुणी? दार लावतोय मी."

कुणीच हललं नाही.

"आजोबा, चला ना, आपण पुढे जाऊ," हेस्टर म्हणाली.

आजोबांचा चेहरा पांढराफटक पडला. "रांग मोडून? त्यापेक्षा मी जहाज न बघता मरेन."

हेस्टरने एकदा आजोबांकडे पाहिलं, एकदा बंद होत आलेल्या दाराकडे. मग ती सरळ रेनकोटवाल्यांपाशी गेली आणि त्यांचा हात धरून म्हणाली, "चला. काकू रागावल्या तर माझं नाव सांगा." आणि तिने त्यांना ओढत जहाजात नेलं. त्यांच्यामागोमाग रांगही क्रमाने आत सरकू लागली.