चिप तो की ती?

मुळात सासऱ्यांनी फक्त पुसायला सांगितलं होतं. "ओलं फडकं घट्ट पीळ, एकेक चिप पूस, परत पेटीत ठेव. दुसरं काहीही करू नकोस," असं ओरत्तनाडूला लग्नाला निघताना ते जिन्यात उभे राहून दोनदा म्हणाले. यात न कळण्यासारखं काय होतं, हे मला बायको विचारते, मेहुणी विचारते, आणि आंघोळ करताना मीही स्वतःला विचारतो.

या चिप्स म्हणजे खायच्या नव्हेत. (आत्ताच सांगून ठेवतो, पुढे घोटाळा नको.) पत्त्यांच्या पोकरमध्ये बोली लावायला गोल चकत्या असतात, त्या. मातीच्या, जडशा, लाल, निळ्या, पांढऱ्या. कृष्णाजीमामा, म्हणजे माझे सासरे, निवृत्त झाले तेव्हा ऑफिसातल्या मंडळींनी दिलेल्या. मामा त्यांना नातवंडांनाही हात लावू देत नाहीत. दर रविवारी दुपारी आमच्या तंजावूरच्या घरी डाव बसतो. मामा, शेजारचे सुब्रमण्यम सर आणि माझा साडू सतीशकुमार. पैसे नसतात, नुसती ऐट असते. मी कॉफी आणतो. लग्न झाल्यापासून कॉफीच आणतोय. चौथी खुर्ची रिकामी असते, तिच्यावर सर आपली छत्री ठेवतात.

आणि मामा जाता जाता म्हणाले होते, "चिप्स नीट स्वच्छ झाल्या तर रविवारी तूही बस."

छत्रीच्या जागी मी! आता एवढी मोठी गोष्ट नुसतं फडकं फिरवून मिळवायची, हे मनाला पटेना. मी फोनवर एक व्हिडिओ पाहिला. त्यातला माणूस म्हणाला, चिपला तेज यायला मिनरल ऑइलचा थेंब चोळा. कोपऱ्यावरच्या दुकानात विचारलं, तर दुकानदार म्हणाला, "मिनरल वॉटर इरुक्कु, सार." (म्हणजे, पाणी आहे.) मी घरी येऊन नल्लेण्णैची बाटली काढली. (तिळाचं तेल हो. अख्खं तंजावूर ते लावून न्हातं, मग चिप्सनीच काय घोडं मारलं होतं?)

बाटली बघून माझी बायको हरिप्रिया स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"अय्यो, आज गुरुवार! गुरुवारी कोण तेल लावून न्हातं?"

"मला नाही, चिप्सना."

"चिप्सना झालं म्हणून वार नको बघायला?"

"बरं, शनिवारी लावतो."

"शनिवार पुरुषांचा. चिप तो की ती?"

मी विचारात पडलो. "ती चिप."

"मग शुक्रवारी लावा. बायकांचा वार."

तमिळमध्ये निर्जीव वस्तू बाईही नसते आणि पुरुषही नसते, तिथे हा प्रश्नच आला नसता. पण आम्ही पडलो मराठी. घराबाहेर दिवसभर तमिळ बोलतो, निदान घरात तरी व्याकरण सांभाळावं लागतं.

शुक्रवारी रजा काढली. चिप्सना भरपूर तेल चोळलं, मुरू दिलं आणि मग गरम पाण्यात शिकेकाई कालवून त्यांना यथासांग न्हाऊ घातलं. पाणी आधी लाल झालं, मग निळं, मग कसलंच सांगता येईना. पांढऱ्या चिप्स बाहेर आल्या त्या कॉफीच्या रंगाच्या. लाल होत्या त्या गुलाबी झाल्या. मी घाबरून पुन्हा तेल लावलं.

"बाबांना फोन करून सांगून टाका," हरिप्रिया म्हणाली.

"सांगतो, सांगतो."

नाही सांगितलं. फोन हातात घेतला की जिन्यातलं ते "दुसरं काहीही करू नकोस" कानात वाजायचं आणि इतकी लाज वाटायची की मी फोन चार्जिंगला लावून टाकायचो.

रविवारी मामांनी पेटी उघडली. सुब्रमण्यम सरांनी नाक वर करून हुंगलं. "एन्न, आज दीपावळीया?" (काय, आज दिवाळीचं अभ्यंगस्नान?)

सतीशनं पेटीत वाकून पाहिलं. "मामा, यातल्या पांढऱ्या कुठे गेल्या?"

"त्या पांढऱ्याच आहेत," मी म्हणालो. "बऱ्यापैकी."

मामांनी चिप्सची चळत रचली, ती घसरली. परत रचली, परत घसरली. त्यात आमचं तेल घाण्यावरचं, ताडगूळ घालून काढलेलं. सरांनी बोली म्हणून मूठभर चिप्स पुढे सारल्या आणि पत्ते बघून वर पाहतात तो त्यांच्या बोलीवर मुंग्यांची रांग लागलेली.

मामांनी एक चिप उचलली, वेष्टीच्या, म्हणजे धोतराच्या, टोकानं हळूहळू पुसली आणि पेटीत ठेवली. मग म्हणाले, "फडकं सांगितलं होतं ना रे मी?" आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी कॉफीच्या निमित्तानं सटकायला लागलो.

"बस," मामा म्हणाले.

"मी?"

"स्वच्छ झाल्या तर बस म्हणालो होतो. झाल्या. जरा जास्तच झाल्या." त्यांनी स्वतः सरांची छत्री उचलून भिंतीला टेकवली.

सासूबाईंनी, अंबुजामामींनी, आतून केळ्याच्या चिप्सचा डबा आणून प्रत्येकापुढे ढीग वाढला. "घ्या. या चिप्सना न्हाऊ घालावं लागत नाही," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे न बघता आत गेल्या.

मुंग्यांची पेटी बाजूला गेली आणि बोली केळ्याच्या चिप्सवर लागायला लागली. मी मान खाली घालून खेळलो. वर बघायची हिंमतच नव्हती. आणि काही डावांनंतर माझ्या हातात तीन राजे आले! तीन! इतकी वर्षं खुर्चीमागे कॉफीचा ट्रे धरून उभा राहिलो, एवढं मला कळत होतं की आता ही दुपार माझी. सतीशनं तावातावानं आपला अख्खा ढीग मधे ढकलला.

"तुझं काय, प्रवीण?"

"सगळं!" मी ओरडलो आणि ढकलायला हात पुढे केला.

पुढे काहीच नव्हतं. थोडं मीठ होतं, थोडी हळद होती. (लाज वाटली की माझा हात आपोआप तोंडाकडे जातो. लहानपणापासून.)

मामांनी माझ्या हातातले पत्ते काढून घेतले, तीन राजे पाहिले, मग ते मीठ पाहिलं आणि पत्ते पालथे ठेवले. सुब्रमण्यम सरांनी भिंतीला टेकवलेली छत्री हळूच हातात घेतली.

"मी कॉफी आणतो," मी उठत म्हणालो.

"आण," मामा म्हणाले. "पण फिल्टर घासायला जाऊ नकोस."