भज्यांचा सहसंबंध

आकड्यांत मला हरवणारा अजून जन्माला यायचाय! अंधेरीच्या एका औषध कारखान्यात मी आकडेवारी विभागात आहे. यंदा, म्हणजे सत्त्याऐंशीत, आमच्याकडे कॉम्प्युटरही आला, पण कुठल्या गोळीचा खप कशामुळे वाढला हे साहेब अजून मलाच विचारतात. मग माझ्या घरी माणसं कशामुळे येतील, हे शोधायला मला कितीसा वेळ लागणार?

हो, माझ्याकडे फारसं कोणी येत नाही. चारकोपच्या नव्या इमारतीत तळमजल्यावर खोली मिळाली, वर्षाच्या आत आई गेली, आणि मी एकटा उरलो. फार एकटा. हल्ली कुकरची शिट्टी झाली तरी मी "आलो, आलो" म्हणतो!

सहा महिने वहीत नोंदी केल्या. कुठल्या दिवशी किती माणसं आली आणि त्या दिवशी मी काय केलं. रेडिओ, दाढी, नवा शर्ट, सगळं! मग सहसंबंध काढला, म्हणजे कुठली गोष्ट माणसांच्या येण्याशी किती जुळते त्याचा आकडा; एक म्हणजे पक्की जोडी. रेडिओचा शून्य, दाढीचा त्याहून खाली, आणि भज्यांचा शून्य पूर्णांक एक्याण्णव!

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर उत्तरा बसते, तिला वही दाखवली.

"लवू, भजी आणि माणसं जोडीने येतात एवढंच कळलं. कोण कोणामुळे येतं ते कुठे कळलं? पाथ अ‍ॅनालिसिस कर ना. आधी कशामुळे काय होतं त्याचे बाण काढ, मग गणित!"

"आता बाण काढत बसू?"

"मग बस भजी तळत!"

बसलोच! माझी आठवड्याची सुट्टी मंगळवारची, पण मला धीर कुठला? गुरुवारीच रजा टाकली. तीन किलो कांदा चिरला, दारात रांगोळी काढली, भाड्याच्या सहा खुर्च्या मांडल्या.

पहिल्या मजल्यावरचा काशीराम डोकावला. "काय रे, आज काय विशेष?"

"माणसं यायचीत!" मी ऐटीत म्हणालो. तो दोन-दोन पायऱ्या गाळत वर पळाला.

पाच वाजले, सहा वाजले. जिन्यात खेळणारी पोरंही गायब! माझ्या दारावरून लोक चपला हातात घेऊन चवड्यांवर चालत गेले. दुसऱ्या मजल्यावरच्या सुंदराबाईंना मी "या ना!" म्हटलं, तर त्या ओठांवर बोट ठेवून सटकल्या. सात वाजता सहा रिकाम्या खुर्च्यांसमोर बसून मला रडू यायला लागलं. परात उचलली आणि सरळ वर गेलो.

"पावणे गेले काय रे?" काशीरामने दार उघडताच विचारलं. सुंदराबाई तिथेच बसल्या होत्या.

"कोणी आलंच नाही."

"आयला! मुलीकडचे आलेच नाहीत? आणि मी अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं, आज लवूकडे फिरकू नका, त्याचं जमू दे! जाऊ दे यार, दुसरी मिळेल."

"तरी म्हटलं," सुंदराबाई भजी खात म्हणाल्या, "मंगळवार नसताना ह्याने कढई कशी ठेवली? मंगळवारी वर पाणी चढत नाही म्हणून आम्ही तुझ्या नळावर येतो. तुझी सुट्टी, म्हणून तू तळतोस!"

दोन भज्यांत बाईंनी सगळे बाण काढले, तेसुद्धा कागदाशिवाय! दर मंगळवारी त्यांच्या हातातल्या बादल्या मला दिसत नव्हत्या का? दिसत होत्या हो. पण वहीत बादलीचा रकानाच ठेवला नव्हता. ठेवावासा वाटला नव्हता.

"तुझा तो त्राससुद्धा संपेल आता," काशीराम म्हणाला. "पाण्याच्या पंपाचा अर्ज दिलास ना, सेक्रेटरीसाहेब?"

"देतो, देतो."

खाली येऊन मी नीट बाण काढले. पंप बसला की पाण्याचा बाण जाणार, म्हणून तो खोडून पाहिला. माझ्या घराकडे येणारा दुसरा बाण कागदावर नव्हता.

इमारतीचा सेक्रेटरी मीच आहे. अर्ज टाईप झालाय, शिक्का मारलाय, फक्त माझी सही राहिलीय. करणार आहे हो! एवढा मंगळवार जाऊ दे.