पुराचं पाणी अजून आत आहे

सुमे, ये अशी, जवळ बस. दारात उभं राहून ऐकू नकोस. मी जरा रागावणार आहे, ते मुकाट्याने ऐकून घे. सकाळी अनंतरावांच्या मोटारसायकलीपाशी वाकून चारचौघांत तू काय बोलणार होतीस? "काका, अहो हे तर..." एवढं म्हणालीस आणि मी तुला पोळी करपतेय म्हणून आत हाक मारली. पोळी करपत नव्हती. नाशकाला नवऱ्याच्या स्कूटरवर बसून बसून तुला यंत्रातलं कळायला लागलंय, चांगलं आहे. पण कळलेलं सगळं लगेच बोलून टाकायचं नसतं. आधी हा माणूस कोण, ते ऐक.

अनंतराव म्हणजे आमच्या डोक्यावरच्या खोलीत राहणारे, पाटबंधारे खात्यातले कारकून. एकटा जीव. दारात मोटारसायकल असून रोज सायकलवर ऑफिसला जाणारा माणूस अख्ख्या सुरतेत हा एकच असेल. मोटारसायकल रविवारची. चालवायची म्हणशील तर तसं नाही. ती रविवारी सुरू न होण्यासाठी ठेवलेली आहे.

सकाळी आठला जिन्याखालून ती बाहेर निघते. अनंतराव बनियन-पायजम्यात. चहाच्या जुन्या डब्यात पाने-पकडी. दहा किका मारायच्या, मग कमरेवर हात ठेवून लांबून तिच्याकडे बघत "हं" म्हणायचं. ते "हं" सगळ्या शेरीला, म्हणजे आमच्या गल्लीला, ऐकू जातं. घरमालक ठाकोरभाई दारापुढच्या ओटल्यावरून उतरतात, त्यांच्या हातात बशी दिली जाते, काढलेले स्क्रू सांभाळायला. पलीकडचे भिकाआप्पा, धुळ्याकडचे, आठवडाभर कापडाच्या लूमवर उभे राहून दमलेले. त्यांना किकेवर चढवतात. "मन्हा पाय गया, भाऊ," म्हणत ते बिचारे मारत राहतात. कुणी म्हणालं की सरळ मिस्त्रीकडे न्या, तर अनंतराव हात वर करतात. "घाई नको. आधी निदान."

निदान कसं, तर स्क्रूड्रायव्हरची लाकडी मूठ कानाला, टोक इंजिनाला, आणि डोळे मिटलेले. तेवढा वेळ कुणी खोकायचंसुद्धा नाही. मग डोळे उघडून म्हणणार, "पाणी आहे."

"कसलं पाणी?"

"पुराचं. अजून आत आहे. हाताला लागत नाही, पण आहे."

अडुसष्टच्या पुराचं, बरं का. मी सांगतेय त्या वेळी त्या पुराला सहा वर्षं होऊन गेली होती. मी म्हटलं, "अनंतराव, सहा उन्हाळे गेले. पापड वाळून मोडले आमचे, तुमचं पाणी कसं वाळत नाही?" तर म्हणतात, "वहिनी, रोज नदीची पातळी लिहितो मी. पाण्यातलं मला विचारा." ठाकोरभाई बशी सांभाळत माझ्याकडे वळून म्हणाले, "बेन, पाणी गाडीमां नथी, एना मगजमां छे."

हेही मी सोसलं असतं. पण तो प्लग. निदान झालं की काळा, तेलकट प्लग घेऊन हे माझ्या स्वयंपाकघरात. "वहिनी, जरा भाजून घेतो, ओल जाईल." आणि माझी सांडशी उचलून, माझ्या स्टोव्हवर, वांग्यासारखा तो प्लग भाजायचा. रविवारच्या वरणाला पेट्रोलचा वास. तुझे काका जेवताना विचारायचे, "फोडणी कशाची आहे?" मी सांडशी लपवून ठेवली तर चिमटा घेतला. चिमटा लपवला तर म्हणाले, "वहिनी, तुमच्या घरात वस्तू सापडत नाहीत हल्ली."

भाजून झालं की धक्का. नाक्यापर्यंत सगळ्यांनी ढकलत न्यायची, तशीच ढकलत आणायची. बारा वाजले की "आज एवढं पुरे. निदान तरी पक्कं झालं." दर रविवारी तेच निदान.

शेवटी मी ठरवलं, ही गाडी इथून जायलाच हवी. ठाकोरभाईंच्या नावे अर्ज लिहिला, जिन्याखालची जागा सर्वांची आहे, गाडी हलवा म्हणून. शाळेत मी फार गेलेली नाही, पण अर्ज असा लिहिला की तुझ्या काकांनी तो दोनदा वाचला. शेरीतल्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या. भिकाआप्पांनी तर आनंदाने केली. रविवारी अर्ज द्यायचा होता.

त्याआधी मंगळवारी आमच्या मंदाचा मॅट्रिकचा गणिताचा पेपर, केंद्र नदीपलीकडे रांदेरला. पोरगी बसने गेली आणि हॉल तिकीट देवापाशी राहिलं. कुंकू लावायला मीच ठेवलं होतं तिथे. मला दिसलं तेव्हा सव्वादहा झाले होते. पेपर अकराला. तुझे काका ऑफिसात. मी ते तिकीट घेऊन तशीच रस्त्यावर धावले. बस नाही, रिक्षा नाही. परत आले तर अनंतराव दारात सायकलला हवा भरत होते. मी नुसतं तिकीट दाखवलं.

त्यांनी पंप खाली ठेवला. जिन्याखाली गेले, टाकीच्या खाली हात घालून काहीतरी छोटंसं फिरवलं आणि किक मारली. एक. गाडी सुरू.

"बसा, वहिनी."

मी बसले. पदर तोंडात धरून तापीचा पूल ओलांडला. मंदा फाटकापाशी रडत उभी होती. तिकीट हातात पडलं आणि ती आत पळाली.

परत आल्यावर माझा राग उसळला. "अनंतराव, ही चालते?"

"चालते ना. पुरानंतर दोन महिन्यांतच नीट झाली."

त्यांनी खाली वाकून पुन्हा ते छोटंसं फिरवलं. "हा कॉक. बंद असला की पेट्रोल उतरत नाही."

"मग रविवारी?"

"रविवारी बंद असतो," म्हणाले, आणि सायकल घेऊन ऑफिसला गेले.

संध्याकाळी मी शिऱ्याची वाटी घेऊन वर गेले. शिरा मंदासाठीचा, पण भांडण माझं राहिलं होतं. दार उघडं होतं. मांडणीवर थाळ्या पालथ्या घातलेल्या. एकट्या माणसाकडे चौदा थाळ्या, कोऱ्या, एकीवरही ओरखडा नाही.

पुरात आम्ही खालची चौदा माणसं तीन दिवस त्याच खोलीत होतो, सुमे. त्यांच्याकडे तेव्हा एकच थाळी. तिच्यात आळीपाळीने खिचडी खाल्ली, पत्ते खेळलो, ठाकोरभाईंचं घोरणं ऐकलं. पाणी ओसरलं आणि एका दुपारीत सगळे खाली उतरलो. त्यानंतर त्या खोलीत कुणी गेलं नव्हतं. मीसुद्धा.

"केव्हा घेतल्या?" मी विचारलं.

"पुरानंतर लगेच. पुन्हा कधी सगळे आलात तर असाव्यात."

मी वाटी ठेवली आणि खाली आले. त्या अर्जाने दुसऱ्या दिवशी शेगडी पेटवली. ठाकोरभाईंना सांगितलं, भिजला.

रविवारी आठला "हं" ऐकू आलं. मी सांडशी आधीच ओट्यावर काढून ठेवली होती. बाहेर जाऊन सगळ्यांदेखत म्हटलं, "पाणीच असणार, अनंतराव." त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. स्क्रूड्रायव्हर कानाला लावला.

मी अजून चिडते त्यांच्यावर. वरणाला वास येतोच. पण तू सकाळचं ते कॉकचं वाक्य पुरं करायचं नाहीस, कळलं?

उद्या तू निघालीस. पुढच्या महिन्यात परत ये, रविवार धरून ये. धक्का मारायला माणसं कमी पडतात, आणि दुपारी जेवायला आपण वर जातो हल्ली. माझा रेडिओही चार दिवस बोलत नाहीये. त्याला काय झालंय ते मला ठाऊक आहे, पण सांगणार नाही. तू येऊन बघ.